रिकाम्या हॉलची खूण

१

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी दीडच्या सुमारास मी गावातल्या नाचाच्या हॉलचं कुलूप काढतो. आधी तेलाची शेगडी पेटवायची. हवा जरा उबदार झाली की लाकडी जमिनीवर मेणाची पूड भुरभुरायची, म्हणजे नाचताना बूट अडत नाहीत. मग खुर्च्या भिंतीला लावायच्या. आणि सगळ्यात शेवटी रंगमंचावर चढून एफीच्या अँपवरचं कापड काढायचं.

गिटारचा सूर मोठा करणारा अँप आहे, लाकडी, शिवणयंत्राच्या पेटीएवढा. समोर जाळी आणि वर पाच बटणं: आवाज, बास, मिड, ट्रेबल, आणि अगदी उजवीकडे नॉच. गिटार आतून पोकळ असते. अँपमधून निघालेला सूर परत तिच्या पोटात शिरला की ती आपणहून घुमायला लागते, गोठ्यात एकट्या राहिलेल्या गाईसारखी हंबरते. तो नेमका सूर हेरून कापायचा, एवढंच नॉचचं काम.

बटणांच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर एफीनं पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. प्रत्येक बटणाला दोन. एक ‘रिकामा’, एक ‘भरलेला’. रिकाम्या हॉलमध्ये भिंती सूर परत फेकतात, ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण सूर, कानाला टोचतं, गिटार लगेच घुमते. म्हणून ट्रेबल खाली आणि नॉच वर ठेवून सुरुवात करायची. माणसं आली की त्यांचे स्वेटर, कोट, पोटं सूर पिऊन टाकतात. जसजसा हॉल भरेल तसतसं ट्रेबल चढवायचं. एफी वाजवायची, मी तिच्यामागे स्टुलावर बसून बटणं सांभाळायचो. सव्वीस वर्षांचा आमचा संसार बराचसा या दोन खुणांच्या मधे झाला.

माझी एक चूक ठरलेली होती. नाच संपला की आवाज न उतरवताच मी वायरी गुंडाळायला खाली जायचो. तोवर हॉल रिकामा झालेला असायचा आणि स्टँडवर ठेवलेली गिटार हंबरायला लागायची.

“लॉकी! आवाज!” एफी ओरडायची, आणि मी धावत वर येईपर्यंत तारांवर तळहात ठेवून उभी राहायची. तळहात पडला की गिटार गप्प.

एफी गेली त्याला सतरा महिने झाले.

२

ऑक्टोबरात पहिल्यांदा लक्षात आलं.

एफीची गिटार आता तिच्या बहिणीची मुलगी, कट्रीना, वाजवते. त्या दिवशी ती लवकर आली होती. मी बटणं ‘रिकामा’वर लावली, तिनं दोनचार सूर छेडले आणि नाक मुरडलं.

“लॉकी काका, उशीखाली वाजवल्यासारखं येतंय.”

“तारा जुन्या असतील.”

“काल बदलल्यात. तुमच्यासमोर बदलल्यात.”

मी ट्रेबल थोडं चढवलं. आणखी थोडं. नॉच उतरवला, बाकीची बटणंही सरकवली. सूर स्वच्छ झाला तेव्हा मी पट्टीकडे पाहिलं. पाचही बटणं ‘भरलेला’च्या खुणेवर होती. घड्याळात दोन वाजले होते, आणि हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो.

मी दमट हवेवर ढकललं. नोव्हेंबरात छपरावरच्या बर्फावर ढकललं. डिसेंबरात खिडक्यांना नवे पडदे लागले होते, ते कारण बरं वाटलं. पण जानेवारीत ते काढून पाहिले तरी फरक पडला नाही. मग अँप घरी नेला. स्वयंपाकघरात तो नेहमीसारखाच वाजला, इतका टोचला की कुत्रा उठून बाहेर गेला. कान तपासून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंचावन्नच्या मानानं कान उत्तम आहेत, गुडघ्यांबद्दल मात्र बोलायला हवं.

म्हणजे दोष अँपचा नव्हता, तारांचा नव्हता, माझाही नव्हता. राहता राहिला हॉल.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. एफी असताना नाचाला शंभरेक माणसं यायची. ऑक्टोबरात सत्तर आली. नाताळात एक्केचाळीस. मार्चमध्ये एकोणतीस. तरुण पोरं कामासाठी पश्चिमेला गेलेली, म्हातारी माणसं एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत. दर महिन्याला माणसं घटत होती, आणि अँपच्या हिशेबानं हॉल मात्र दर महिन्याला दुपारी दोन वाजताच भरलेला होता.

३

हेक्टर बीटन आमच्या हॉल समितीचा अध्यक्ष. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला, बूट न काढता दारातच उभा राहिला, तेव्हाच कळलं की बातमी चांगली नाही.

“ठरलं,” तो म्हणाला. “या महिन्याच्या नाचाला बत्तीस माणसं जमिनीवर उभी राहिली तर नाच चालू. नाहीतर हॉल बंद. सहकारी संस्थेला मासेमारीची जाळी ठेवायला हवाय.”

“बत्तीसच का?”

“चार चौक. त्याहून कमी म्हणजे नाच नव्हे, घरगुती भांडण.”

आमच्याकडे चार जोड्या समोरासमोर उभ्या राहिल्या की एक चौक होतो. एक जोडी जरी कमी असली तरी वादक सुरुवात करत नाही. सगळे हात खाली सोडून वाट बघतात.

“किल्ली बरोबर आण,” हेक्टर म्हणाला. “बत्तीस नाही झाले तर तिथल्या तिथे माझ्याकडे दे. उगाच दोनदा रडारड नको.”

“मी कुठे रडतोय?”

“मी माझं सांगतोय, गाढवा,” तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. एफीच्या खुर्चीमागे बसून दर महिन्याला त्या पट्टीकडे बघायचं, आणि त्या रिकाम्या जागेत जो कोंदटपणा भरून राहिला होता त्यात श्वास घ्यायचा, हे मला झेपेनासं झालं होतं. मी किल्ली जुडग्यातून वेगळी काढून कोटाच्या खिशात ठेवली. द्यायला सोपी जावी म्हणून.

४

तिसऱ्या रविवारी आकाश पांढरं होतं आणि आखातात अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. मी दीडला हॉल उघडला, शेगडी पेटवली, मेण टाकलं. खुर्च्या आणायला मागच्या खोलीत गेलो. चारेक मिनिटं लागली असतील. परत आलो तर मेण जमिनीत मुरलेलं होतं.

एरवी ते दोन नाच होईपर्यंत पांढरं दिसत राहतं. बुटांनी घासल्याशिवाय मुरत नाही. मी वाकून बोट फिरवलं. जमीन गुळगुळीत होती. शेगडीच्या उष्णतेनं वितळलं असेल, असं मी स्वतःशी म्हणालो. शेगडी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती आणि माझ्या तोंडातून अजून वाफ निघत होती.

मी टाळी वाजवली. रिकाम्या लाकडी हॉलमध्ये टाळी परत येते, भिंतीवरून चेंडू यावा तशी. ही आली नाही. कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटात वाजवल्यासारखी तिथेच मेली.

शेवटचा दिवस आहे, मी विचार केला, तर एकदा नीट पाहून टाकू.

जुनी रीत अशी: गिटारला लांब वायर लावायची, नॉच पूर्ण काढायचा, आवाज चढवायचा आणि गिटार छातीशी धरून हॉलभर चालायचं. जिथे घुमते ती जागा ध्यानात ठेवायची. मला गिटार येत नाही, पण एफीसाठी हे चालणं मी शेकडो वेळा केलं होतं. मी बटण चढवत नेलं. जिथे एरवी खिडक्यांच्या काचा थरथरल्या असत्या, तिथेही गिटार गप्प होती. तिथून आणखी वर नेलं, गिटार उचलली आणि जमिनीच्या मधोमध जाऊन अँपकडे तोंड करून उभा राहिलो.

तेव्हा ती घुमायला लागली. खालच्या तारेवर, हळू, खोल.

आणि तुटली.

पुन्हा सुरू झाली, पुन्हा तुटली. गिटार आणि अँपच्या मधून कुणी गेलं की घुमणं असंच तुटतं. जाणाऱ्याचं अंग सूर अडवतं. वायर सैल असेल म्हणून मी ती खोचून पाहिली. घट्ट होती. घुमणं येत होतं, तुटत होतं, येत होतं, तुटत होतं, एका संथ ठेक्यात. नकळत मी मोजायला लागलो. आठ वेळा तुटलं. मग थोडी मोकळी जागा. मग पुन्हा आठ.

चार जोड्या, म्हणजे आठ माणसं. चौक गोल फिरताना एका जागी उभं राहिलं तर समोरून आठ जण जातात, मग फेरा बदलतो.

रंगमंचावर जाऊन आवाज बंद करावा असं वाटत होतं, पण तिकडे जायचं तर मधून जावं लागणार होतं. बाजूनं जावं तरी कडेला काय आहे हे मला माहीत नव्हतं. मी एक पाऊल टाकलं. जमिनीची फळी करकरली.

तुटणं थांबलं. घुमणंही थांबलं.

ज्यांनी मला आजवर पाहिलं नव्हतं त्यांनी आता पाहिलं, अशी ती शांतता होती. रिकाम्या खोलीत शेगडीचा आवाज येतो, पाइप टकटकतात, काहीतरी असतंच. इथे काहीच येत नव्हतं. सगळा आवाज कुणीतरी पिऊन टाकत होतं, अगदी माझ्या कानापर्यंत दाटीनं उभं राहून.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी जे बोललो ते आठवून अजून लाज वाटते.

“तीन वाजता आहे,” मी म्हणालो. “नाच. तीन वाजता सुरू होईल.”

मग गिटार छातीशी धरून, डोळे बुटांवर ठेवून, मी सरळ चालत गेलो आणि बटण शून्यावर आणलं. वाटेत कशालाही धक्का लागला नाही. उलट असं वाटलं की वाट करून दिली.

५

अडीचला हेक्टर चहाचं मोठं भांडं घेऊन आला, मागोमाग कट्रीना. मी दोघांना काही सांगितलं नाही. बटणं ‘भरलेला’वर लावली आणि स्टुलावर बसलो. कट्रीनानं गिटार गळ्यात घातली, माझ्याकडे निरखून पाहिलं.

“काका, जेवलात का?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

तिनं पिशवीतून सँडविच काढून माझ्या मांडीवर ठेवलं. एफीसुद्धा असंच करायची, न विचारता.

पावणेतीनला सेडीमावशी आल्या. सेडी मॅकलेलन, वय चौऱ्याऐंशी, ओटच्या वड्यांचा डबा काखेत. त्या सगळ्यांत आधी येतात आणि खिडकीजवळची खुर्ची पकडतात.

त्या दारातून आत आल्या, दोन पावलं टाकली, आणि तिरक्या झाल्या. खांदा पुढे, डबा छातीशी, पोट आत. भरलेल्या चर्चमध्ये उशिरा आलेला माणूस बाकांमधून जातो तशा. रिकाम्या हॉलमधून त्या तशाच, कडेकडेनं, वळणं घेत खिडकीपर्यंत गेल्या. मधे एकदा मान लववली, जणू कुणी वाट दिली म्हणून. बसल्या, आणि हेक्टरला म्हणाल्या, “काय रे, चहा आहे की गुरांचं पाणी?”

“तुमच्या वड्या बुडवायला चालेल, मावशी. दोन दिवस भिजल्या तर चावता येतील.”

“तुझे दात वड्यांनी नाही पडले. खोटं बोलून पडलेत.”

हेक्टर हसला. त्याला काही दिसलं नव्हतं. मी दाराकडे बघत राहिलो.

पुढची जोडी आली, शेजारच्या खाडीवरची, चाळिशीची. नवरा आधी तिरका झाला, मग बायको. मग तिघी बहिणी आल्या, एकीमागे एक, रांगेत, मोकळ्या जमिनीवरून नागमोडी. मग पाच जण, मग सहा. प्रत्येक जण आत येताच खांदा वळवत होता. कुणी थबकत होतं, कुणी बाजूला सरत होतं. एकानंही त्याबद्दल तोंड उघडलं नाही. ज्याला त्याला ते साधं वाटत होतं.

मी हात बटणांवर ठेवून होतो. माणसं वाढली की ट्रेबल मरतं, तेव्हा चढवायचं. सव्वीस वर्षं हेच केलं. कट्रीना हळूहळू सूर जुळवत होती, फिडलवाला सँडी तिच्यासोबत गज घासत होता, आणि मी कान लावून वाट बघत होतो. दहा माणसं. वीस. पंचवीस. सूर तसूभर बदलला नाही.

असं होत नाही. पंचवीस लोकरीचे स्वेटर हॉलमध्ये येतात आणि हॉल तितकाच भरलेला राहतो, हे एकाच प्रकारे होऊ शकतं. एक आत येईल तेव्हा एकानं बाहेर जायला हवं.

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. मघाशी वाटली होती. पण आता मी बघत होतो की येणारी माणसं तिरकी होणं कमी होत चाललं आहे. शेवटी एक दाढीवाला सुतार आला तो सरळ, हात हलवत, मधोमध चालत आला.

६

सव्वातीनला हेक्टर रंगमंचाशी आला. चेहरा पडलेला.

“तीस,” तो हळूच म्हणाला. “जमिनीवर मला धरून तीस. दोन वादक सोडून.”

जमिनीवर तीन चौक पूर्ण उभे होते. चौथ्यात तीन जोड्या. चौथी बाजू मोकळी. कुणी कुरकुर करत नव्हतं; सगळे हात खाली सोडून उभे होते आणि दाराकडे बघत होते. सँडीनं फिडल खांद्यावरून उतरवली. मिनिट गेलं. दोन गेली. माझा हात खिशात गेला आणि किल्लीवर पडला.

खिडकीजवळून खुर्ची घासल्याचा आवाज आला.

“लॉकी गिलिस,” सेडीमावशी उठत म्हणाल्या, “ते स्टूल काय तुला चिकटलंय का?”

“मावशी, मला बटणं—”

“बटणं पळून जात नाहीत. माझा गुडघा जाणार आहे, त्याआधी खाली ये.”

“मला नाचता येत नाही.”

“माहीत आहे. तुझ्या लग्नात बघितलंय. बिचारी एफी आठवडाभर लंगडत होती.” हॉल हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. “ये रे. हे किती वेळ उभे राहणार?”

‘हे’ म्हणताना त्यांनी कुणाकडे हात केला ते मला नीट कळलं नाही. चौकांकडे केला असावा.

खरं तर नुसतं बसून राहायचं होतं. दोन मिनिटांत किल्ली हेक्टरच्या हातात गेली असती आणि मी पुन्हा कधी या हॉलमध्ये आलो नसतो. मी कट्रीनाकडे पाहिलं. ती एफीची गिटार घेऊन उभी होती, हात तारांवर, आणि माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

मी स्टुलावरून उठलो.

नाच कसा झाला ते सांगण्यासारखं नाही. मी दोनदा उलट्या बाजूला गेलो. हेक्टर दुसऱ्या चौकातून ओरडला, “बैल सुटला, बैल!” सेडीमावशींचा हात वाळक्या फांदीसारखा हलका होता आणि त्या मला जिथे हवं तिथे फिरवत होत्या. पण मला आठवतं ते वेगळंच. गोल फेऱ्यात आम्ही आठ जण फिरत होतो, आणि फिरता फिरता चौकाच्या बाहेर, भिंतीपाशी, आपल्याला बघायला गर्दी उभी आहे असं मला सतत वाटत होतं. वळलो की भिंत दिसायची, खुर्च्या, कोट. पुन्हा वळलो की कमी वाटायची. प्रत्येक फेऱ्याला कमी. समारंभ संपल्यावर पाहुणे न सांगता निघायला लागतात तशी.

बटणांवर कुणी नव्हतं. गिटार एकदाही घुमली नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी मी मावशींना विचारलं, “आत येताना तुम्ही तिरक्या का चालत होतात?”

“गर्दी होती ना दारात.”

“तुम्ही पहिल्याच आलात, मावशी.”

त्या वडी तोंडाशी नेता नेता थांबल्या. जमिनीकडे पाहिलं. “हो की,” म्हणाल्या. “मग सवयीनं झाले असेन.” आणि थोड्या वेळानं, चहात बघत, “पण खांदा लागला होता कुणाचा तरी. लोकरीचा कोट होता.”

७

साडेपाचला सगळे गेले. उजेड अजून होता. हेक्टरनं दारात उभं राहून हात पुढे केला, मग तो हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

“मे महिन्यात कट्रीना चारजणी आणणार आहे म्हणे, दवाखान्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या. किल्ली तुझ्याकडेच राहू दे.”

“राहू दे,” मी म्हणालो.

त्याची गाडी वळणापलीकडे गेली आणि मी आत येऊन दार लावून घेतलं. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग टाळी वाजवली.

ती परत आली. समोरच्या भिंतीवरून, मग छतावरून, मग पुन्हा. कोरडी, मोकळी, खणखणीत. ऑक्टोबरपासून ऐकली नव्हती. शेगडी कुरकुरत होती, पाइप टकटकत होते, बाहेर छपरावरून पाणी टपटपत होतं. मी मोठ्यानं खोकलो, आणि माझा खोकला सगळ्या हॉलभर फिरून आला. हॉल रिकामा होता. सरळ, साधा, रिकामा.

मला मोकळं वाटलं, आणि त्याच क्षणी फार एकटं वाटलं.

मी लांब वायर गुंडाळायला घेतली. निम्मी गुंडाळून झाल्यावर ध्यानात आलं. मी आवाज उतरवला नव्हता.

मान वर केली. रंगमंचावर अँपचा लहान हिरवा दिवा पेटलेला होता. बटणं भरलेल्या हॉलच्या खुणेवर होती, ट्रेबल वर, नॉच खाली. समोर दोन हातांवर, स्टँडवर, एफीची गिटार अँपकडे पोट करून उभी होती. इतक्या मोकळ्या हॉलमध्ये ती केव्हाच हंबरायला हवी होती. मी पुन्हा एकदा टाळी वाजवली. टाळी सगळीकडून परत आली.

गिटार गप्प होती.

मी घाई केली नाही. वायर खाली ठेवली, पायऱ्या चढलो, अँपपाशी गेलो आणि बटण शून्यावर आणलं.

“उतरवला,” मी म्हणालो.

सहाही तारा एकदम थरथरल्या, अगदी बारीक, कुणी तळहात उचलावा तशा. मी त्यांच्यावर बोटं ठेवली. पोलादी तार हात सुटला की लगेच गार होते, आणि कट्रीनाला जाऊन अर्धा तास होऊन गेला होता.

तारा कोमट होत्या.

त्या गार होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. मग उरलेली चारही बटणं एकेक करून ‘रिकामा’च्या खुणेवर आणली, मे महिन्यासाठी, आणि अँपवर कापड घातलं.